वारसनोंद

संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल या गावाचे नाव परक्या माणसाच्या कानी प्रथम पडते तेव्हा त्याच्या मुद्रेवर किंचित हसू उमटते, कारण 'बकाल' या शब्दाचा आज रूढ झालेला अर्थ घाणेरडा, अव्यवस्थित असा आहे. परंतु जुन्या दप्तरांची ज्याला थोडीफार सवय आहे त्याला ठाऊक असते की बकाल म्हणजे भुसारी, धान्य आणि किराणा विकणारा वाणी, आणि त्याच तालुक्यात वरवट खंडेराव नावाचे दुसरे वरवट असल्यामुळे महसुली कारभारात या दोन गावांची गल्लत होऊ नये म्हणून दोघांना आपापली पुरवणी जोडली गेली असावी, असा तर्क करण्याचा मोह आवरत नाही. नावे अशी चिकटतात, आणि एकदा चिकटली की मूळ वस्तू काय होती याची तहकीकात करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. गावांच्या नावांचे जे, तेच आजारांच्या नावांचे.

माझ्या मावशीचे यजमान १९९६ च्या श्रावणात, वयाच्या ३९ व्या वर्षी, पऱ्हाटीत डवरे धरून चालत असता तासाच्या मध्येच खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. गावाने त्या मरणाला 'झटका' हे नाव दिले, आणि त्या नावाने सर्वांचे समाधानही झाले. तलाठ्याने यथाकाल फेरफार घेतला, नोटिशीची मुदत संपली, हरकत कोणाची आली नाही, आणि वारस म्हणून पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली अशी चार नावे सातबाऱ्यावर चढली. पुढे मुलींची लग्ने झाली तेव्हा आपल्याकडील शिरस्त्याप्रमाणे दोघींनी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर अंगठ्याचे ठसे आणि सह्या दिल्या, आणि साडेपाच एकरांचे वावर एकट्या भावाच्या नावे राहिले. आपल्या समाजाने जमिनीच्या वारशाची नोंद ठेवण्यासाठी केवढी चोख यंत्रणा उभारली आहे! वडिलांच्या काळजातून मुलांच्या काळजात काय उतरले, याची नोंद ठेवणारे दप्तर मात्र त्या गावात नव्हते, तालुक्यात नव्हते, आणि खरे सांगायचे तर आपल्या बहुतेकांच्या घरांतही नसते.

हा लेख त्या दुसऱ्या नोंदीविषयी आहे. आणि ती नोंद ज्या यंत्राच्या साहाय्याने अखेर झाली, त्या यंत्राविषयी.

*

माझा मावसभाऊ आज ४१ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी वरवटला गेलो असता ओसरीवर बसल्या बसल्या तो सहज म्हणाला, "दादा, पंप पाठीवर घेतला अन् चार तासं फवारली की दम भरते. पह्यले असं नव्हतं." मावशी आतून म्हणाली, "याच्या बापालेही उन्हात असंच होये. बांधावर बसे, पानी पे, अन् मंग उठे." त्या क्षणी आम्हां तिघांपैकी कोणालाही या दोन वाक्यांतील संबंध उमगला नाही, आणि निदान माझ्यासारख्या चार बुके वाचलेल्या माणसाला तो उमगायला हवा होता, ही खंत मला आजही आहे.

पुढची दोन वर्षे त्याने जे भोगले ते आपल्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य रोग्यांच्या कैफियतीहून निराळे नाही. प्रथम त्याला दमा ठरवला गेला. मग एका शहरातील खासगी दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी, जिला लोक सरळ 'इको' म्हणतात, ती झाली. तीत हृदयाची भिंत थोडी जाड दिसली, आणि जाड भिंत म्हणजे रक्तदाब या नित्याच्या हिशेबाने त्याला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याचा रक्तदाब मोजल्यावर कधीही वाढलेला आढळला नव्हता, ही गोष्ट कागदोपत्री नोंदलेली असूनही कोणाच्या ध्यानी आली नाही. गोळ्यांनी दम कमी झाला नाहीच, उलट खाली वाकून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. त्याचे कारण आज कळते: ज्या रोगात हृदयातून रक्त बाहेर पडण्याची वाटच फुगलेल्या स्नायूने अरुंद झालेली असते, त्यात रक्तवाहिन्या सैल करणारे काही औषध दिले तर त्या वाटेतला अडथळा वाढतो.

वळण आले ते गावच्या सरकारी दवाखान्यात. तेथे नव्याने रुजू झालेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याच्या छातीवर नळी ठेवली, बराच वेळ ऐकले, आणि मग त्याला जमिनीवर उकिडवे बसायला सांगितले. शेतकऱ्याला उकिडवे बसणे काय ते शिकवावे लागत नाही, तो बसला. बाईही नळी न काढता त्याच्यासोबत खाली बसल्या. मग म्हणाल्या, "आता एकदम उठा," आणि त्याच्याबरोबर त्याही उठल्या. बसताना जो आवाज मंदावला होता तो उठताच मोठा झाला. हृदयाच्या झडपांचे बहुतेक आवाज याच्या उलट वागतात. उभे राहिल्यावर वाढणारा आवाज हा स्नायूने रोखलेल्या वाटेचा दाखला मानतात. नंतर त्यांनी ईसीजीची पट्टी काढली. तीत उंचच उंच शिखरे होती आणि त्यांच्या पाठोपाठच्या लाटा उलट्या झाल्या होत्या. ती पट्टी टेबलावर पसरून त्यांनी एकच प्रश्न विचारला: "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का?"

या प्रश्नाला पैसे पडत नाहीत, वीज लागत नाही, आणि तरीही पुढची सारी तपासणी त्याच्यावर उभी आहे. महाराष्ट्राला हे नवे नाही. महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने हृदयाचा स्नायू कसा ढासळतो, याची लक्षणे रुग्णाच्या उशाशी बसून टिपली आणि १९८२ साली ती 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यापाशी डोळे, कान आणि रात्र-रात्र जागण्याची तयारी यांखेरीज फारसे काही नव्हते. यंत्र उत्तर देते. प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

*

हृदयाचा आजार म्हटला की आपल्या मनात रक्तवाहिनीतील गाठ येते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण बहुसंख्यांना होतो तो विकार तोच. परंतु हृदय म्हणजे केवळ नळ्या नव्हेत. ते दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावणारे मांस आहे, आणि त्या मांसाचेच स्वतःचे असे विकार आहेत. कधी तो स्नायू विनाकारण जाड होतो. कधी उजव्या कप्प्याच्या स्नायूची जागा चरबी आणि तंतू घेतात. कधी 'अमायलॉइड' नावाचे विकृत प्रथिन भिंतीत साचून ती ताठ करते. कधी वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांच्या हृदयात लोह साठते. आणि कधी 'फॅब्री' या विकारात एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, अभावी एक स्निग्ध पदार्थ पेशीपेशीत कोंदला जातो. कधी तर मातीच याला कारण होते: चीनच्या केशान परगण्यात १९३५ साली प्रथम नोंदलेला हृदयस्नायूचा रोग हा तेथील जमिनीत सेलेनियम या मूलद्रव्याचा दुष्काळ असल्यामुळे होतो, असे पुढे उलगडले.

यांतला पहिला विकार, विनाकारण जाड होणाऱ्या स्नायूचा, १९५८ साली लंडनच्या डोनाल्ड टिअर या शवविच्छेदकाने आठ जणांच्या हृदयांवरून वर्णिला. त्यांतील बहुतेक तरुण होते आणि अचानक मरण पावले होते. त्या हृदयांतील दोन कप्प्यांमधला पडदा एकांगी फुगलेला होता. आज हिशेब असा सांगतात की सुमारे ५०० माणसांत एकाला हा विकार असतो. म्हणजे तो दुर्मीळ आहे असे म्हणणे कठीण. दुर्मीळ आहे ते त्याचे निदान.

भारतीयांच्या बाबतीत यात एक पदर आणखी आहे. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाचा आराखडा ज्या जनुकात असतो, त्या जनुकातील २५ अक्षरे गाळली गेल्याचा प्रकार दक्षिण आशियातील शंभर माणसांत सुमारे चौघांमध्ये आढळतो आणि त्यामुळे उतारवयात हृदय दुबळे होण्याचा धोका वाढतो, हे हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये मांडले. हे गाळलेपण एकट्याने सगळ्यांनाच आजारी पाडते असे नव्हे. त्याच्या जोडीला दुसरे काही असावे लागते, असे पुढील संशोधन सुचवते. तरीही लग्नाच्या शंभर पानांच्या पंगतीत सरासरी चार माणसे हा वारसा घेऊन जेवायला बसलेली असतात, हा विचार मनातून जात नाही.

*

डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीवर मावसभावाच्या रक्ताची तपासणी झाली, आणि तिने प्रकरण अधिकच गुंतागुंतीचे केले. क्रिएटिनिन १.७ निघाले. मूत्रपिंड दर मिनिटाला किती रक्त गाळते याचा आकडा त्यावरून काढतात, तो सुमारे ५० मिलिलिटर आला. त्याच्या वयाला तो पुष्कळच अधिक असावयास हवा होता.

वरवटात यावर कोणी आश्चर्य केले नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील जो पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरला आहे आणि ज्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो, त्यात संग्रामपूर तालुक्याचा मोठा भाग येतो. त्या भूमीच्या पोटातले पाणी इतके क्षारयुक्त की पूर्वी या खोऱ्यात खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ काढीत असत. वान धरणातून संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांतील १४० गावांसाठी गोड्या पाण्याची योजना झाली, ती याच कारणाने. या मुलखात मूत्रपिंडाचे रोगी घरोघरी आढळतात, आणि लोक त्याचे खापर पाण्यावर फोडतात. वैद्यांना त्यात उन्हातले काबाडकष्ट, अंगदुखीसाठी खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या, साखर आणि रक्तदाब अशी इतर कारणेही गुंतलेली दिसतात. "पानीच तसं हाय," एवढे म्हणून गाव मोकळे झाले. हेही पुन्हा चिकटलेले नावच.

परंतु हृदयतज्ज्ञाच्या दृष्टीने या एका आकड्याने दोन प्रश्न उभे केले होते. पहिला असा की, तरुण पुरुषात जाड झालेले हृदय आणि खालावलेले मूत्रपिंड ही दोन्ही एकत्र दिसली तर ते दोन स्वतंत्र आजार नसून फॅब्री हा एकच आजार असू शकतो, कारण १८९८ साली योहानेस फॅब्री आणि विल्यम अँडरसन यांनी स्वतंत्रपणे नोंदलेला तो विकार नेमक्या याच दोन अवयवांवर घाव घालतो. तेव्हा खारे पाणी हे कारण समोर तयार असल्यामुळेच खरे कारण झाकले जाण्याची भीती होती. दुसरा प्रश्न तपासणीचाच होता, आणि तो समजण्यासाठी आपल्याला यंत्राकडे वळले पाहिजे.

*

हृदयाच्या मांसात काय साचले आहे हे पाहण्याचा जुना मार्ग म्हणजे त्याचा तुकडा काढणे. शिरेतून बारीक चिमटा हृदयापर्यंत नेऊन असा तुकडा काढण्याची पद्धत जपानमध्ये साकाकिबारा आणि कोन्नो यांनी १९६२ साली दाखवली. ती आजही काही प्रसंगी अपरिहार्य असते. पण तुकडा जेथून निघाला तेवढीच जागा कळते, आणि विकार जर ठिकठिकाणी विखुरलेला असला तर चिमटा नेमका निरोगी जागी लागण्याचा संभव राहतो. इको सुलभ, स्वस्त आणि पहिली पायरी म्हणून उत्तम. तिने भिंतीची जाडी आणि हालचाल दिसते, पण भिंत कशाची बनली आहे ते दिसत नाही. घराची भिंत बाहेरून मोजणे निराळे आणि ती विटांची आहे की मातीची हे सांगणे निराळे.

एमआरआय सांगते ते हे दुसरे. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली दाखवले की प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या अणुगर्भांना विशिष्ट लहरींची हाक दिली तर ते तिला प्रतिसाद देतात. त्याबद्दल त्यांना १९५२ चे नोबेल मिळाले. त्या प्रतिसादावरून चित्र काढता येईल ही कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केली, पीटर मॅन्सफील्ड यांनी ती जलद केली, आणि २००३ साली वैद्यकाचे नोबेल त्या दोघांना मिळाले. भारतात अशी तपासणी १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. आज बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने देशातच घडवलेले यंत्र आपल्या विदर्भातल्या चंद्रपुरात, कर्करोगाच्या रुग्णालयात, बसवले गेले आहे.

मावसभावाला आम्ही नागपूरला नेले. शेगावाहून पहाटेची विदर्भ एक्सप्रेस धरली. मावशीने दशम्या आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता, तो बडनेऱ्याच्या आतच संपला. तपासणीच्या दालनाबाहेर एका कर्मचाऱ्याने त्याच्या अंगावरचे एकेक लोखंड, तांबे, चांदी उतरवून घेतली: मनगटातले कडे, गळ्यातला ताईत, कमरेचा चांदीचा करदोटा, खिशातली अडकित्त्याएवढी किल्ली. करदोटा काढताना तो लाजला. लहानपणापासून तो कधी उतरला नव्हता. ही खबरदारी उगाच नसते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे हाती घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक त्या नळकांड्यासह यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला होता. दीड टेस्ला शक्तीच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असते, आणि खोलीत कोणी नसले, दिवे मालवलेले असले, तरी ते जागेच असते. कारण त्याची वेटोळी शून्याखाली २६९ अंशांवरच्या द्रवरूप हेलियमात बुडवलेली असतात आणि त्यांतली वीज एकदा सोडली की फिरतच राहते.

छातीवर तारा लावून, कानांवर बोळे चढवून त्याला त्या गुहेत सरकवण्यात आले. हृदय कधी स्वस्थ बसत नाही, हीच हृदयाच्या चित्राची मोठी अडचण. म्हणून यंत्र ईसीजीच्या तालावर, प्रत्येक ठोक्यातला ठरावीक क्षण धरून, चित्राचा थोडा थोडा भाग गोळा करते, आणि रोग्याला दर वेळी दहा-पंधरा सेकंद श्वास रोखून धरावा लागतो. "श्वास सोडा, थांबवा," असा हुकूम ध्वनिक्षेपकातून येई, मग हातोड्याने पत्रा बडवावा तसा आवाज होई, मग "श्वास घ्या". हे जवळजवळ तासभर चालले. तो नंतर म्हणाला, "विहिरीत सूर मारल्यावानी वाटे. फकत वर यायले लावे नाई, कोनी सांगे तवा यायचं."

आता त्या यंत्राला भिंतीतला मसाला कसा कळतो ते पाहू. आपल्या देहातील पाण्याच्या कणांतले अणुगर्भ त्या चुंबकाच्या दिशेने ओळीत उभे राहतात. लहरींची हाक देऊन त्यांना ढळवले की पुन्हा विसावण्यास त्यांना ठरावीक काळ लागतो, आणि तो काळ, सेकंदाचे हजारावे भाग मोजून, ते कण कशाच्या शेजारी वसले आहेत हे सांगतो. पावसाने उघडीप दिल्यावर ओल किती दिवस टिकते यावरून शेतकरी रानाचा पोत ओळखतो. काळ्या रानात ती रेंगाळते, मुरमाडात चटकन निघून जाते. हृदयाच्या भिंतीत वण किंवा अमायलॉइड असेल तर हा विसाव्याचा काळ लांबतो. लोह किंवा फॅब्रीतले स्निग्ध द्रव्य असेल तर तो आखूड होतो. यासाठी कोणतेही औषध टोचावे लागत नाही.

दुसऱ्या रीतीत शिरेतून गॅडोलिनियम या मूलद्रव्याचे संयुग देतात आणि सुमारे दहा मिनिटांनी चित्र घेतात. निरोगी स्नायूतून ते तोवर वाहून गेलेले असते. पण जेथे पेशी मेल्या आणि मधल्या जागा फुगल्या, तेथे ते, चिबड जमिनीत पाणी थांबावे तसे, थांबून राहते आणि ती जागा काळ्या भिंतीवर पांढरी उमटते. जे उजळ ते निर्जीव, हे सूत्र २००० सालच्या सुमारास रेमंड किम आणि रॉबर्ट जड यांच्या कामातून रूढ झाले. वण कोठे आहे यावरून रोगाची जात ओळखता येते. रक्तवाहिनी बंद पडून झालेला वण आतल्या अस्तरापासून सुरू होतो. स्नायूच्या स्वतःच्या विकारात तो बहुधा भिंतीच्या मध्यावर किंवा बाहेरच्या बाजूस आढळतो.

आणि येथेच खारपाणपट्टा आडवा येतो. गॅडोलिनियम शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडांतून. मूत्रपिंडे अगदी निकामी झालेल्या काही रोग्यांत जुन्या घडणीच्या संयुगांमुळे कातडी आणि आतील अवयव ताठ होत जाणारा एक भयंकर विकार होतो, हे २००६ साली ध्यानात आले, आणि तेव्हापासून गाळण्याचा आकडा ३० च्या खाली असलेल्यांत फार विचारपूर्वक पाऊल टाकतात. आज वापरात असलेली, गॅडोलिनियमचा अणू वर्तुळाकार पिंजऱ्यात घट्ट धरून ठेवणारी संयुगे पुष्कळच सुरक्षित आहेत. तरीसुद्धा ज्या मुलखात पाण्यापायी म्हणा वा अन्य कारणाने म्हणा मूत्रपिंडे आधीच दुखावलेली आहेत, तेथे हृदयाचे चित्र कोणत्या रीतीने काढायचे याचा निर्णय विहिरीच्या पाण्यापर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणूनच न टोचता विसाव्याचा काळ मोजण्याची पहिली रीत हा या पट्ट्यासाठी विशेष मोलाचा शोध आहे. पुण्या-मुंबईच्या रोग्याला ती एक जास्तीची सोय. वरवटच्या रोग्याला ती कधी कधी एकुलती एक वाट.

मावसभावाचा आकडा ५० असल्यामुळे मूत्रपिंडतज्ज्ञाशी मसलत करून दोन्ही रीती वापरण्यात आल्या. निकाल वाचताना डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बसवून घेतले. पडद्यावर त्याचे हृदय धडधडत होते. दोन कप्प्यांमधली भिंत २१ मिलिमीटर जाड होती. निरोगी माणसात ती ११-१२ च्या आत असते. ठोक्यागणिक झडपेचे पान त्या फुगीर भिंतीकडे ओढले जाऊन वाट अडवत होते. गावच्या डॉक्टरबाईंनी उकिडवे बसून जो ऐकला होता तो आवाज आता डोळ्यांना दिसत होता. विसाव्याचा काळ आखूड झालेला नव्हता, म्हणून फॅब्रीचा संशय मंदावला. टीपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून विकराची तपासणी झाली, तीही निर्दोष आली, तेव्हा तो मिटला. उरला तो विनाकारण जाड होणाऱ्या स्नायूचा विकार. भिंतीच्या मध्यावर, उजवा कप्पा तिला जेथे जोडला जातो तेथे, दोन पांढुरके ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, "हा वण आहे. फार नाही. पण जितका जास्त, तितका हृदयाचा ताल बिघडून अचानक काही होण्याचा धोका जास्त. म्हणून याच्यावर लक्ष ठेवायचं."

रक्तदाबाच्या गोळ्या बंद झाल्या. ठोका संथ करणारे औषध सुरू झाले. पाठीवरचा फवारणीचा पंप मोलाच्या माणसाकडे गेला. महिन्याभरात अंधारी येणे थांबले.

*

हे सारे सरळ सुटले म्हणून यंत्राची आरती ओवाळावी, असे मला वाटत नाही. एमआरआयची यंत्रे आता अनेक शहरांत असली तरी हृदयाचे चित्र काढण्याची आणि, त्याहून महत्त्वाचे, वाचण्याची सवय असलेली माणसे थोडी आहेत. ज्याला श्वास रोखवत नाही, ज्याचा ठोका अगदीच अनियमित आहे, त्याचे चित्र पुसट येते. आणि चित्र स्वच्छ आले तरी ते नेहमीच नाव सांगते असे नाही. सार्कॉइड या विकाराच्या हृदयातील गाठी आणि क्षयाच्या गाठी पडद्यावर एकमेकींसारख्या दिसू शकतात. ज्या देशात क्षय घराघरांत आहे तेथे ही गल्लत जीवघेणी ठरेल, कारण एकाचा उपचार दुसऱ्याला घातक आहे. म्हणून चित्राला रक्ताची, क्षयतपासणीची आणि प्रसंगी त्या जुन्या चिमट्याचीही रुजवात घालावी लागते.

नाव कळल्यावर औषध मिळेलच, असेही नाही. फॅब्रीवरचे विकर बाहेरून देता येते, पण त्याचा खर्च शेतकऱ्याच्या कल्पनेपलीकडचा आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणात अशा रोग्यांसाठी ठरावीक रुग्णालयांमार्फत साहाय्याची तजवीज आहे, त्याची मर्यादा पुढे ५० लाखांपर्यंत वाढवली गेली, आणि त्या रुग्णालयांत मुंबईचे केईएम आहे. पण तेथवर पोहोचण्यासाठी आधी कोणीतरी त्या रोगाचे नाव उच्चारावे लागते. वरवटच्या बापाला ३९ व्या वर्षी जे नाव मिळाले ते 'झटका', आणि त्या नावाने कोणत्याही दालनाचे दार उघडत नाही.

*

नागपूरच्या डॉक्टरांनी निघताना एमआरआयच्या फिल्मच्या पिवळ्या पाकिटावर एक वंशवृक्ष काढला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, मेलेल्यावर तिरकी रेघ. माझ्या मावशीच्या यजमानांच्या चौकोनावर रेघ मारून त्यांनी खाली तीन खुणा केल्या: एक चौकोन, दोन वर्तुळे. मग म्हणाले की हा विकार दर अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा की मुलगी याने फरक पडत नाही. मोठ्यांनी दर तीन ते पाच वर्षांनी आणि वाढत्या वयाच्या पोरांनी दर एक-दोन वर्षांनी ईसीजी आणि इको करून घ्यावी. जनुकाच्या तपासणीसाठी रक्त गेले आहे. तिचे उत्तर यायचे आहे.

ते पाकीट हाती धरून मी गाडीत बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की या तीन खुणांची नावे मी पूर्वी वाचली आहेत, याच क्रमाने, तलाठ्याच्या फेरफारात. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा असावा म्हणून महाराष्ट्राला १९९४ साली आणि देशाला २००५ साली कायदा दुरुस्त करावा लागला. जनुकाला कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागली नाही. त्याने पहिल्यापासून समसमान वाटणी केलेली होती.

वरवटला परतल्यावर दोघी बहिणींना बोलावून घेतले. थोरलीची इको स्वच्छ निघाली. धाकटीची भिंत १३ मिलिमीटर आली; परक्या माणसात तेवढ्याने कोणी घाबरले नसते, पण ज्याच्या बापाला किंवा भावाला हा विकार आहे त्याच्यात १३ हा आकडाही पुरेसा मानतात. तिला कसलाच त्रास नव्हता. मावशी फिल्म उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत बसली होती. मग तिने ती खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हंजे त्यायचंबी हेच होतं." २८ वर्षांनंतर तिच्या नवऱ्याच्या मरणाला दुसरे नाव मिळाले होते, आणि तिने ते मान्य केल्याचे त्या तीन-चार शब्दांत कळले.

धाकटी मघापासून गप्प होती. हक्कसोडपत्राच्या वेळी ती वीस वर्षांची होती आणि कचेरीतल्या बाकावर तिने कोणता कागद आहे हेही विचारले नव्हते, हे मला आठवले. ती भावाकडे पाहून हसली आणि म्हणाली, "वावराचं लिहून देलं दादा. हे कोनाले लिहून देऊ?"

यावर कोणी काही बोलले नाही. दिवाळी झाल्यावर, कापसाची पहिली वेचणी आटोपली की तिला नागपूरला न्यायचे ठरले. तारीख, गाडी, बरोबर कोण जाणार, लेकरांना कोणाकडे ठेवायचे, सगळे बोलून झाले. उठताना तिने माझ्याकडे वळून एकच गोष्ट विचारली:

"तेथी जोडवेबी काढा लागते काय?"